ओढ आणि निवड

हल्ली कीर्तन आटोपले की एखादा बाप पाया पडण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळतो. मुलाला मुलींची ओढ नाही, मित्राबरोबरच राहीन म्हणतो. "महाराज, हे त्याने मुद्दाम धरलेले खूळ. लग्न लावून दिले की सुटेल ना?"

आमचा उलट प्रश्न असतो. बाबा रे, तुला बायकांची ओढ लागली ती तू कोणत्या मुहूर्तावर ठरवलीस? उत्तर येत नाही. येणार कोठून? ज्ञानी मनुष्यही आपल्या प्रकृतीस धरूनच वागतो, असा विचार गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे. कोणी म्हणेल, लगेच पुढे रागद्वेषांच्या अधीन होऊ नये असेही सांगितले आहे. खरेच आहे, पण तो नियम सर्वांस सारखाच. गळ्यात माळ घातली म्हणून आपली कोणाची ओढ मेली नाही, तिला वळण लागले, इतकेच. वळण लावणे निराळे आणि मूळ बदलणे निराळे.

संस्कृतात 'दार' म्हणजे पत्नी, पण शब्द चालतो पुल्लिंगी, तोही बहुवचनी. 'कलत्र' म्हणजेही पत्नी, ते नपुंसकलिंगी! पाठशाळेत आम्ही कारण विचारले, तर गुरुजी म्हणाले, शब्द तसा आहे, तसा चालवा.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी ओढ रोगांच्या यादीतून काढली. ती 'बरी' करण्याचे उपचार म्हणजे डॉक्टरचे गैरवर्तन, असे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ठरवले. मग अंगारे-धुपारे कशाला? आणि लग्न? अहो, दुसऱ्याच्या घरची लेक काय औषध म्हणून आणायची? ती आयुष्यभर झुरणार, माहेरी बोलता येणार नाही, वर 'नवऱ्याला धरून ठेवता आले नाही' हा ठपका तिच्याच पदरी. आम्हांस हे पाप वाटते. त्या बापास आम्ही ते तोंडावर सांगतो.

आता कायद्याचे. सज्ञान माणसांचा संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. विवाहाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारली, तो विषय संसदेचा म्हणून. होम आणि सप्तपदी यांविषयी याज्ञिकांनी खुशाल वाद घालावा, आम्हांस घाई नाही. पण दवाखान्यात सही कोणाची, एक गेल्यावर घर कोणाचे, हे प्रश्न होमाचे नव्हेत. ते संसदेने सोडवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२४ साली केंद्र सरकारने राज्यांना कळवले की रेशनकार्डासाठी अशा जोडप्यास एकच घर धरावे. बँकेत जोडखात्यासही आडकाठी नाही. म्हणजे शिधा एका चुलीचा, आणि मृत्युपत्र न करता एक गेला तर दुसऱ्यास त्या घरात वारसा नाही. संसदेचे होईल तेव्हा होईल, तोवर अशा मुलांनी मृत्युपत्र करून ठेवावे, आणि साक्षीदार म्हणून बापाने सही करावी.