रामकुंडावरील अंतर

नवा डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतलेले तरुण एक प्रश्न हमखास विचारतात : स्थिर नाभीय अंतराची, म्हणजे प्राइम लेन्स घ्यावयाची, तर कोणती? पंचवटीत छायाचित्रे काढणाऱ्यास याचे उत्तर केवळ काचेच्या गुणवत्तेवरून देता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

झूम लेन्सची कडी फिरविली की दूरचे जवळ येते. प्राइम लेन्सला ही सोय नाही. छायाचित्रकाराला स्वतः पुढेमागे चालावे लागते. मोबदल्यात ती प्रकाश अधिक घेते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 मिमीची झूम लांबच्या टोकाला एफ/5.6 पर्यंतच उघडते, तर 50 मिमीची साधी, स्वस्त प्राइम एफ/1.8 पर्यंत, म्हणजे नऊपटींहून अधिक प्रकाश. पहाटेच्या रामकुंडावर हा लाभ लहान नव्हे. कोणाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारावा लागत नाही. मात्र एपीएस-सी आकाराच्या लहान संवेदकावर 50 मिमीची लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरील सुमारे 75 मिमीइतकेच दृश्य दाखविते. म्हणून सर्वसाधारण कामास तेथे 35 मिमीची बरी.

आता अंतराचा हिशेब पाहावा. अशा कॅमेऱ्याच्या उभ्या चौकटीत माणूस आपादमस्तक भरून यावयाचा, तर 35 मिमीला सुमारे 2.5 मीटर अंतर पुरते. 300 मिमीला सुमारे 22 मीटर लागते. अडीच मीटरांवरचा माणूस आपल्याकडे पाहतो, हात आडवा करतो, 'नको' म्हणू शकतो. रामकुंडावर लोक आईबापांच्या अस्थी घेऊन येतात. स्नान करून स्त्रिया ओलेत्याने पायऱ्या चढतात. बावीस मीटरांवरून टिपलेल्या या माणसांना नकाराची संधीच मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, दुरून काढल्याने विधीत व्यत्यय तरी येत नाही. व्यत्यय येत नाही हे खरे. पण ज्याला कळलेच नाही, त्याची संमती गृहीत कशी धरावी?

अर्थात जवळ गेल्यानेच सारे साधते, असेही नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे बहुतेक काम 50 मिमीच्या लेन्सवर झाले; 1948 साली गांधीजींच्या अंत्ययात्रेतील शोकाकुल जनसमुदाय त्यांनी टिपला. तरीही कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग ते काळ्या पट्टीने झाकीत, तो कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून. जवळ जाऊनही लपता येते. त्यांच्या थोरवीविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु रामकुंडावर हा पायंडा आम्ही सांगणार नाही. येथे विचारावे, आणि नकार मिळाल्यास कॅमेरा खाली घ्यावा. चांगले चित्र हुकेल, हुको.

याच जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला, 2020 साली रामसर यादीत आलेल्या पाणथळीवर, आमचे उत्तर उलट असेल. तेथे जवळ जाणे हाच उपद्रव; पक्ष्यांसाठी 300 मिमी, किंबहुना त्याहून लांब लेन्स घ्यावी.

घाटासाठी मात्र 35 मिमी. 2027 सालच्या सिंहस्थात अडीच मीटर मोकळी जागा मिळणे कठीणच; त्या गर्दीसाठी 24 मिमीचा विचार करण्यास हरकत नाही. तेव्हा दीड-पावणेदोन मीटरांवरून विचारावे लागेल, इतकेच.