देवदर्शन आणि सहल

मुंबईसारख्या उन्हाच्या आणि समुद्राच्या शहरात राहणाऱ्या कुटुंबाला मुलाबाळांसह एखादा दिवस मोकळ्या हवेत घालवावयाचा असेल, तर गिरगावची किंवा जुहूची चौपाटी त्याच्या हाताशीच असते; आणि तरीही चैत्र लागला की याच शहराच्या वरळी-वर्सोव्याच्या कोळीवाड्यांतून, तसेच ठाणे-रायगडच्या किनाऱ्यावरून, घरेच्या घरे बोरघाट चढून आमच्या मावळ मुलखात, कार्ल्याच्या डोंगरावर येतात. एकवीरा ही त्यांची कुलस्वामिनी. चैत्र शुद्ध सप्तमीला तिची पालखी निघते. आजीपासून तान्ह्या लेकरापर्यंत सारे घर पायऱ्या चढते, नवस फेडते, ओटी भरते, वाद्यांच्या तालावर नाचते, एकत्र जेवते, आणि उतरताना मुलांच्या हातांत नवी खेळणी असतात. या दिवसाला देवदर्शन म्हणावे की सहल, हा प्रश्न मला अनेक वर्षे महत्त्वाचा वाटत आलेला आहे. कारण आंबीसारख्या इंद्रायणीकाठच्या गावात राहणाऱ्या माणसाला या खोऱ्यातून यात्रेकरू आणि सहलकरी एकाच वाटेने जाताना नित्य दिसतात.

धर्माचा गंभीरपणे विचार करणारे काही सज्जन म्हणतात की ज्या यात्रेत मौज शिरली, तिच्यातील पुण्य तितके उणे झाले. ईश्वराकडे जावयाचे ते एकाग्र चित्ताने, शक्य तर एकट्याने, आणि खाण्यापिण्याची व पोराबाळांची तजवीज मनात न ठेवता. हे मत उथळ नाही. विरक्तीची थोर परंपरा त्याच्या पाठीशी उभी आहे. परंतु त्या परंपरेने जी लेणी याच डोंगरांत कोरविली, त्यांच्या भिंती काय सांगतात ते पाहिले म्हणजे या मताचा पुनर्विचार करणे भाग पडते.

एकवीरेच्या देवळाला लागूनच कार्ल्याचा बौद्ध चैत्य आहे. सुमारे 45 मीटर लांबीचे हे प्रचंड सभागृह अखंड खडकात कोरलेले असून, त्याच्या कमानदार छताला बसविलेल्या लाकडी फासळ्या सुमारे 2000 वर्षांनंतरही आपल्या जागी आहेत. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे अभिमानाने कोरवून ठेवले आहे, आणि आतील खांबांवर धेनुकाकट या प्राचीन वस्तीतील यवनांची, म्हणजे परदेशी लोकांची, नावे दाते म्हणून वाचावयास मिळतात. भिक्षूंच्या या लेण्याला आधार होता तो असा संसारी माणसांचा. याहून मला अधिक प्रिय असलेला लेख मात्र तळेगावच्या बाजूला, शेलारवाडीच्या डोंगरात, जेथे आज घोरावडेश्वर महादेवाचे स्थान आहे आणि महाशिवरात्रीस मोठी जत्रा भरते, तेथे आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभनक नावाच्या नांगरधारी कुणब्याची पत्नी सिअगुतनिका हिने आपला पुत्र नंद याच्यासह हे लेणे दान दिले, असे तो लेख सांगतो. राजा नाही, सावकार नाही. शेतकऱ्याच्या घरची एक गृहिणी धर्मकार्य करते, आणि ते करताना नवऱ्याचे नाव सांगते, मुलाला सोबत घेते! विरक्तांच्या घरासाठी दिलेल्या दानाचा हा दस्तऐवज वाचताना त्यातला संसार नजरेआड करताच येत नाही. कुटुंबाला बरोबर घेतल्याने धर्म मलिन होतो, असे त्या माउलीला वाटले नाही आणि तिचे दान स्वीकारणाऱ्या संघालाही वाटले नाही.

येथे कोणी तुकाराम महाराजांचे उदाहरण पुढे करील. देहूचा संसार मागे ठेवून ते भंडारा डोंगरावर एकांतात बसत, हे खरे. पण भर उन्हात भाकरी घेऊन तो डोंगर चढणाऱ्या त्यांच्या पत्नीची, जिजाईची, कथाही वारकरी परंपरेने तितक्याच प्रेमाने जपली आहे. त्या एकांताचा शिधाही घरूनच येत होता.

मग मौज हा दोष नसेल, तर दोष आहे तरी कोठे? माझ्या मते तो ऋणाच्या विस्मरणात आहे. आमच्या शास्त्रकारांनी गृहस्थाला आनंद निषिद्ध ठरविला नाही. त्याच्यावर पाच महायज्ञांचा भार मात्र ठेवला, आणि त्यांत देव, पितर व ऋषी यांच्या बरोबरीने अतिथी मनुष्याचा आणि प्राणिमात्राचाही हक्क मान्य केला. कोळी कुटुंब एकवीरेपुढे नाचते तेव्हा ते काही तरी फेडावयास आलेले असते. नवस हा शेवटी कबूल केलेल्या देण्याचा व्यवहार होय. सहलीला आलेल्या मनुष्याने मात्र आपण येथे कोणाचे काहीही लागत नाही अशी समजूत करून घेतली, तर डोंगर, नदी आणि त्या काठचे गाव ही त्याला केवळ उपभोगाची वस्तू वाटू लागतात.

हे विशेषेकरून पावसाळ्यात ध्यानी येते. बौद्ध भिक्षू पावसाचे तीन महिने फिरणे थांबवीत, कारण पायाखाली कोवळी तृणे आणि सूक्ष्म जीव तुडविले जातात असा लोकांचा आक्षेप होता. वलूरक म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांत असा वर्षावास करणाऱ्या, कोठूनही आलेल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने करजिक हे गाव इनाम दिल्याचा लेख त्याच चैत्यात आहे. जो ऋतू त्या काळी थांबण्याचा होता, त्याच ऋतूत आज लोणावळ्याकडे सर्वाधिक गर्दी लोटते. वारकरीही आषाढीला पावसातच चालतो, म्हणून केवळ ऋतूला बोल लावणे न्याय्य नव्हे; परंतु वारकऱ्याला वाट, मुक्काम आणि शिस्त असते. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे वाहून गेली, आणि 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळून चार जीव गेले. मृतांना दोष देणे मला अमानुष वाटते. ते आनंदासाठी आले होते आणि आनंदाचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण मनाईहुकूम काढून जे साधत नाही, ते नदीचा मान राखण्याच्या जुन्या वहिवाटीने पुष्कळ साधत असे, आणि ती वहिवाट मोडल्याची जबाबदारी पाहुण्यांइतकीच आम्हा मावळवासीयांवर, तसेच धोक्याच्या जागा वर्षानुवर्षे तशाच राहू देणाऱ्या व्यवस्थेवरही आहे.

म्हणून समुद्रकाठच्या आमच्या बांधवांना माझी विनंती आहे की त्यांनी मुलांना घेऊन अवश्य यावे, मोकळेपणाने हसावे-खेळावे, भाजे येथील सूर्याचे शिल्प पाहावे, लोहगड चढावा. मात्र पाणी चढलेले असताना नदीत उतरू नये, आणि आणलेला कचरा परत न्यावा. आणि एकवीरेचे दर्शन झाल्यावर शेजारच्या चैत्यात मुलांना घेऊन घटकाभर बसावे, व तो ज्यांनी दिला त्यांची खांबांवरची नावे त्यांना दाखवावीत.