चालते यंत्र आणि दुसऱ्याची अमानत

वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. ठिगळांची गोधडी अंगावर वागवणाऱ्या माणसाची आठवण सांगणाऱ्या या गावात चालता संगणक टाकून द्यायचे आमच्या जिवावर येते.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. विंडोज ११ घ्यावे, तर टीपीएम २.० आणि ठरावीक नवे प्रोसेसर हवेत. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक तिथेच बाद. यंत्र बिघडले नाही, कंपनीने त्याला म्हातारे ठरवले. याला आम्ही इसराफच म्हणू.

पण संगणक घरचा असणे वेगळे आणि दुकानातला असणे वेगळे. शेतकऱ्याचा सातबारा, एखाद्या बेवा बाईचे पासबुक, पोरांची आधार कार्डे ज्यात स्कॅन होऊन पडली आहेत, त्याचे काय? मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरच्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती, ते सापडले. लोकांचे कागद ही अमानत आहे. आपली काटकसर तिच्या जिवावर कशी करायची?

लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही चालते. दुकानदाराला आम्ही आधी तेच सुचवू. मात्र श्रीलिपीतली मराठी आणि इनपेजमधली नस्तालीक मुख्यतः विंडोजवर नांदतात, हे डीटीपीवाल्यांना ठाऊकच आहे. त्यांनी जुने यंत्र खुशाल ठेवावे. फक्त इंटरनेटची तार काढून, आणि गिऱ्हाइकाचे कागद त्यात न घेता.