पुण्याचा अहंकार

ययाती म्हटला की मराठी वाचकाला वि. स. खांडेकरांची 1959ची कादंबरी आठवते आणि काही केल्या न भागणारी वासना आठवते. महाभारताच्या आदिपर्वातला ययाती मात्र तेवढ्यावर संपत नाही. मुलाचे, पुरूचे, उसने घेतलेले तारुण्य त्याला परत करून, राज्य त्याच्या हवाली करून तो वनात जातो, खडतर तप करतो आणि त्या पुण्याच्या बळावर स्वर्गात पोचतो. तिथे इंद्र त्याला सहज विचारल्यासारखे विचारतो, तपात तुझ्या तोडीचा कोण आहे? देव, मनुष्य, गंधर्व, महर्षी यांच्यात मला माझ्या बरोबरीचा कोणी दिसत नाही, असे ययाती सांगून टाकतो. दुसऱ्यांची योग्यता न जाणता तू त्यांना हलके लेखलेस, तेव्हा तुझे पुण्य इथेच संपले, असे म्हणून इंद्र त्याला खाली पाडतो. वासनेपायी ययाती स्वर्गाला मुकला नाही. वासनेतून तो केव्हाच सावरला होता. त्याला पाडले ते त्याने खरोखरीच केलेल्या तपाने. तो खोटे बोलत होता, असे इंद्रसुद्धा म्हणत नाही.

ही एकटीदुकटी कथा असती तर सोडून देता आली असती. पण त्याच ग्रंथाच्या शेवटी, महाप्रस्थानिक पर्वात, हाच निवाडा पुन्हा भेटतो. पांडव हिमालय चढत असताना एकेक जण कोसळतो आणि भीम दर वेळी धर्मराजाला कारण विचारतो. द्रौपदी पडली ती अर्जुनाविषयीच्या पक्षपातामुळे. सहदेवाला वाटे, आपल्याएवढा शहाणा कोणी नाही. नकुलाला रूपाचा ताठा. अर्जुनाने एका दिवसात सगळे शत्रू जाळीन अशी प्रौढी मिरवली आणि इतर धनुर्धरांना तुच्छ मानले. खुद्द भीमाच्या वाट्याला अतिआहार आणि बळाची बढाई. द्यूत, वनवास, अठरा दिवसांचा संहार, द्रोणांच्या वधासाठी बोललेले अर्धसत्य, एवढे सगळे मागे पडलेले असताना यादीत उरते ती आपापल्या गुणाची घमेंड. सहदेव खरोखर शहाणा होता, अर्जुन खरोखर धनुर्धर होता. दोष गुणाच्या पोटातच वाढला, आणि बाहेरून तो गुणासारखाच दिसत असल्यामुळे इतकी वर्षे कोणाला खटकला नाही.

गीतेने याला विचाराची बैठक दिली. चौदाव्या अध्यायात तम बांधतो, रज बांधतो, हे आपण मान डोलावत ऐकतो. पण त्याच दमात सत्त्वही बांधते असे सांगितले आहे, आणि कशाने, तर सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना पहिलेच लक्षण येते ते मानाची हाव नसण्याचे. सोळाव्यात दैवी संपत्तीची लांबलचक यादी आहे, आणि तिच्यातला शेवटचा गुण पुन्हा अतिमान नसणे हाच. या मांडणीत योगायोगाचा भाग किती असेल तो असो. ज्ञानेश्वरांनी मात्र तो पहिला शब्द हेरला आणि त्यावर ओव्यामागून ओव्या खर्च केल्या. त्यांचा ज्ञानी मानाला घाबरतो. कोणी स्तुती करू लागले की त्याचा जीव कोंडतो. आपले सर्वज्ञपण तो लपवतो आणि लोकांनी वेडा समजावे अशा रीतीने वावरतो. आज देवळाच्या पायरीवर, पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या टाकीवर दात्याचे नाव रंगवलेले पाहिले की ज्ञानेश्वरीचे पारायण आपण कशासाठी करतो, असा प्रश्न पडतो.

गुण मुळातच वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. माझे म्हणणे इतकेच की या परंपरेच्या हिशेबात मोक्ष म्हणजे पुण्याच्या खात्यावर साठलेली मोठी रक्कम नाही. बृहदारण्यक उपनिषद स्पष्ट सांगते की आत्मा चांगल्या कर्माने मोठा होत नाही आणि वाईट कर्माने लहान होत नाही. पुण्याने फार तर स्वर्ग मिळतो आणि तोही मुदतीचा. ज्या 'मी'पणातून सुटायचे, तोच 'मी' पुण्य केल्याने गुबगुबीत होत असेल तर सुटका व्हायची कशी? पापी माणसाला निदान टोचणी असते. पुण्यवानाला ती नसते, म्हणून त्याचे बंधन अधिक चिवट.

यावर रोखठोक आक्षेप येतो. कर्तेपण सोडायचे असेल तर चांगले वागायचे कशाला, आणि वाईट वागणाराही 'देवानेच करवले' म्हणून हात झटकील त्याचे काय? आक्षेप पोकळ नाही. असे हात झटकणारे बाबा-महाराज आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. पण संतांचे वागणे पाहिले तर त्यांनी कर्तेपणाची वाटणी कशी केली ते कळते. तुकारामांच्या गाथेत स्वतःच्या दोषांची कबुली पानोपानी आहे आणि हातून काही बरे घडले, सुचले, तर त्याचे श्रेय विठ्ठलाचे. म्हणजे दोष माझा, श्रेय त्याचे. तर्काच्या काट्यावर ही वाटणी असमान आहे, हे खरे. आचरणात मात्र तिच्यामुळेच माणूस सरळ राहतो, कारण पळवाट ज्या बाजूला असते तीच बाजू ती बंद करते. आणि गीतेच्या त्याच यादीत मानाची हाव नसण्यापाठोपाठ दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा येतात. सद्गुण एकही गळलेला नाही.

भक्ती इथे उपाय म्हणून येते, कारण मन नुसते 'मी नाही, मी नाही' म्हणत बसले तर त्यातूनही 'मी'च दणकट होतो. लक्ष दुसऱ्या कोणावर तरी खिळावे लागते. पण भक्तीचाही अहंकार होतोच की! कितवी वारी, माळ किती वर्षांची, दिंडीत वीणा कोणाच्या खांद्यावर, हे मानपान वारकऱ्यांना ठाऊक नाहीत असे नाही. परंपरेला हा धोका पुरता माहीत होता. महिपतीने 'भक्तविजया'त सांगितलेली नामदेवांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. संतांच्या मेळ्यात कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे गोरोबाकाका कुंभारांनी पाहावे असे ठरले. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले, आणि मडके कच्चे ठरले. ज्यांच्याशी प्रत्यक्ष पांडुरंग बोलतो, जेवतो, ते कच्चे! देवाशी असलेली सलगी हीच नामदेवांच्या मानाची जागा झाली होती. पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन त्यांना ती सोडावी लागली. स्वतःच्या सर्वांत लाडक्या भक्ताला सर्वांदेखत नापास करणारी कथा ज्या संप्रदायाने पिढ्यान् पिढ्या कीर्तनात रंगवली, त्याला भक्तीचे भाबडे कौतुक होते असे म्हणता येणार नाही. वारीत वयाने, जातीने, शिक्षणाने कोण मोठा हे न पाहता दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, ही चालही त्याच सावधपणातून आलेली दिसते.

इतके झाल्यावर मुक्तीची इच्छा तरी कशी सुटणार? 'माझा मोक्ष' यातही 'माझा' आहेच. शंकराचार्यांच्या परंपरेत मुमुक्षुत्व ही साधकाची पात्रता मानली आहे आणि सुरुवातीला ती लागतेच, नाहीतर माणूस जागचा हलणार नाही. भागवतात मात्र कपिल मुनी आपल्या आईला, देवहूतीला सांगतात की खरा भक्त सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता देऊ केली तरी घेत नाही, त्याला सेवाच हवी असते. तुकारामांनी तर संतसंग मिळणार असेल तर खुशाल पुन्हा जन्माला घाल, असे देवाला सुनावले. मुक्ती नको म्हणणाऱ्याचा 'मी' कुठे चिकटणार?

सगळ्यात अवघड आक्षेप शेवटी ठेवला आहे. ज्यांना समाजाने मुळातच 'मी' म्हणू दिले नाही, त्यांना अहंकार सोडा असे सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? चोखोबांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकता आले नाही. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्या काही अभंगांत आपली जात म्हणजे पूर्वकर्माचे फळ अशी समजूत दिसते. त्यांचा मुलगा कर्ममेळा देवाला अधिक खडसावून जाब विचारतो. डॉ. आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला, पण विनम्र भक्तीने माणसाचे हक्क मिळत नाहीत हे ते बजावत राहिले, आणि त्यांचे बरोबर होते. नम्रतेचा उपदेश खालच्यांना दाबून ठेवायला वापरला गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या कथांनी हा उपदेश सांगितला त्यांत पडतो कोण हेही पाहावे. ययाती सम्राट, पांडव विजेते, नामदेव देवाचे लाडके. ज्याच्यापाशी काहीच नाही असा एकही माणूस त्यांत गर्वाच्या आरोपाखाली कोसळत नाही. चोखोबांना नम्रता शिकवण्याची गरज नव्हती. ती महाद्वाराच्या आत उभ्या असलेल्यांना होती, आणि ते दार सर्वांना उघडावे म्हणून 1947च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले.