तटस्थाची सुटी

'तटस्थ' हा शब्द मराठी समीक्षेने इतक्या वेळा वापरला आहे की त्यातला 'तट' आता कोणाच्या कानांवर पडत नाही. तटावर उभा असलेला तो तटस्थ. जुन्या मराठीत हा शब्द आश्चर्याने जागच्या जागी खिळलेल्या, स्तब्ध झालेल्या माणसासाठीही येतो. पुढे ती छटा मागे पडली आणि निःपक्षपाताचा, किंबहुना अलिप्ततेचा अर्थ तेवढा उरला. सुटीत मित्रांसह समुद्रकिनाऱ्यावर दिवस घालवणारा माणूस शब्दशः तटस्थ असतो. तो तटावर असतो, आणि समोर जे चालले आहे त्यात त्याचा वाटा नसतो. त्याच्या या विसाव्यात नैतिकदृष्ट्या काही खटकण्याजोगे आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु सौंदर्यशास्त्रातील एका जुन्या वादाशी त्याचे जवळचे नाते आहे.

हा प्रश्न लाखनीसारख्या ठिकाणाहून विचारलेला बरा, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला समुद्र सवयीचा झालेला असतो. भंडारा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ पश्चिमेला हजिरा व पूर्वेला पारादीप येथे संपतो. दोन्ही टोकांना बंदरे आहेत. म्हणजे लाखनी दोन समुद्रांना जोडणाऱ्या रस्त्यावर वसलेली आहे. मात्र या रस्त्यावरच्या मालमोटारींच्या लेखी समुद्र हे माल चढवण्या-उतरवण्याचे ठिकाण असते. समुद्र 'पाहणे' ही येथे वेगळी, महिनोन्‌महिने आधी ठरवून आणि पैसे बाजूला ठेवून करावयाची गोष्ट होय. समजा, येथील चार-पाच शिक्षक मित्र दिवाळीच्या सुटीत हे अंतर तोडून मालवणच्या किनाऱ्यावर पोचले. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, तेव्हा त्यांच्या स्वागताची सिद्धता तेथे आहेच. ते वाळूत पाय पसरून बसले आहेत, भरतीची वाट पाहत आहेत आणि काहीही करीत नाहीत.

त्यांच्यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप ठरलेला आहे : इतरजण राबत असताना हे आराम करतात. हा आक्षेप जितका उच्चरवाने मांडला जातो तितका तो सबळ नाही. तो मान्य केला तर जगात एकही माणूस राबत असेतो कोणालाही विसावता येणार नाही, आणि मग श्रमिकाने मागितलेली सुटीही अपराध ठरेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित करून आठवड्याच्या सुटीची मागणी पुढे आणली. रविवारची सुटी मालकांनी मान्य करावयास १८९० उजाडले. त्या मागणीत विश्रांती हा हक्क म्हणून उभा राहिला. अॅरिस्टॉटललाही श्रमाचे साध्य अवकाशच वाटत होते. फक्त त्या अवकाशाची किंमत गुलामांनी मोजावी, हे त्याने गृहीत धरले. लोखंड्यांच्या मागणीने नेमके तेच गृहीतक नाकारले. तेव्हा मालवणच्या वाळूतील शिक्षकांना कोणी आळशी म्हणून हिणवू नये. श्रमाचे गोडवे गाणारे बहुधा स्वतः रोवणीच्या चिखलात उतरलेले नसतात.

त्यांच्या आळसात एक गोष्ट तर निखालस चांगली आहे. गावी हे मित्र एकमेकांच्या उपयोगाने बांधलेले असतात : एक दुसऱ्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन, तिसऱ्याच्या बदलीसाठी चौथ्याने शब्द टाकलेला. किनाऱ्यावर ते परस्परांना निरुपयोगी होतात. उपयुक्ततेवर उभ्या मैत्रीपेक्षा सुखावर उभी असलेली मैत्री खऱ्या मैत्रीच्या अधिक जवळची, कारण तिच्यात उदारपणा अधिक, असे अॅरिस्टॉटलने 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'त म्हटले आहे. जामिनाचा हिशेब विसरून दुसऱ्याच्या बोलण्याला हसणे ही लहान गोष्ट नव्हे.

खरी अडचण पाहण्यात आहे. एडवर्ड बुलो याने १९१२ मध्ये 'मानसिक अंतर' ही संकल्पना मांडताना उदाहरण घेतले तेही समुद्राचेच : दाट धुक्यात सापडलेले जहाज. प्रवाशाने भीती व व्यवहार क्षणभर बाजूला सारले तर तेच धुके त्याला विलक्षण सुंदर दिसू लागते. सौंदर्यानुभव व्यवहारापासून तोडणाऱ्या, रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथातील परिभाषेत अलौकिकतावादी म्हणाव्या अशा भूमिकेला हे उदाहरण फार सोयीचे आहे. मात्र अंतर घेण्याची ही मुभा प्रवाशाला आहे. जहाज हाकणाऱ्याने ती घेतली तर जहाज खडकावर जाईल. प्रवाशाच्या सौंदर्यानुभवाला दुसऱ्या कोणाचे तरी अंतर न घेणे आधारभूत असते, आणि अनुभवाच्या वर्णनातून नेमका तोच गळून पडतो.

मालवणच्या किनाऱ्यावर हा गळालेला माणूस डोळ्यांसमोर असतो, कारण तिथे रापण ओढली जाते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा पाय वाळूत रोवून ते ओढीत मागे सरकतात. पर्यटकाने ज्या वाळूवर अंग टाकायचे तीच वाळू रापणीला लागते. ओढायला हात लावणाऱ्यालाही थोडी मासळी देण्याची रीत आहे. लाखनीचे मित्र उठतात, दोराला हात लावतात, छायाचित्र काढून घेतात. याने ते सहभागी झाले काय? त्यांच्या हातांना वेदना झाल्या तरी त्या त्यांना हव्याशा वाटल्या, आणि नको वाटताच दोर सोडता आला. खेळ आणि काम यांतला भेद घामात शोधू नये. तो दोर सोडता येण्यात आहे.

तथापि येथे दुसरी एक गोष्ट ध्यानात येते. मासळीचा थवा पाण्याच्या बदललेल्या रंगावरून, पृष्ठभागावरच्या बारीक थरथरीवरून ओळखणारा रापणकर त्या किनाऱ्यावरचा सर्वांत चोखंदळ प्रेक्षक असतो. तो समुद्राकडे तासन्‌तास पाहतो. त्याच्या पाहण्याला हेतू आहे म्हणून ते पाहणे सौंदर्याला पारखे आहे, असे कोणत्या आधारावर म्हणावे? भट्टनायकाच्या मते रसप्रतीती तटस्थपणेही होत नाही आणि आत्मगतत्वानेही नाही. दोहोंपलीकडे साधारणीकरणाचा व्यापार त्याने कल्पिला. नाट्यगृहातला हा विचार किनाऱ्यावर आणताना सावधपणा हवा, पण दिशा उपयोगी आहे. सुटीवरचा माणूस समुद्राला 'परका' मानतो आणि म्हणून सुंदर म्हणतो. रापणकराला तो 'आपला' आहे, म्हणून तो त्याला सुंदर म्हणत नाही, असे सुटीवरचा माणूस परस्पर ठरवून टाकतो. दोष आहे तो या ठरवून टाकण्यात. अंतर घेणे निर्दोष आहे. समोरच्याला अंतर घेता येतच नसेल हे गृहीत धरणे मात्र त्याला दृश्याचा भाग करून टाकते. मग रापण ओढणारी माणसे नारळीच्या झाडांच्या जातीची होतात.

समुद्राने सुटीचा तट उधळून लावल्याचेही मराठीत उदाहरण आहे. सावरकरांची 'सागरास' ही कविता १९०९ मध्ये ब्रायटनला, इंग्रजांच्या हवा खाण्याच्या किनाऱ्यावर, निरंजन पाल या मित्राच्या सोबतीत सुचलेली आहे. स्थळ विश्रांतीचे, संगत मित्राची. ताटस्थ्य मात्र नाही. परंतु हे विरह सोसणाऱ्याचे उदाहरण आहे. चार दिवसांची रजा काढून आलेल्याकडून अशा व्याकुळतेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

लाखनीच्या परिसरात समुद्र नसला तरी पाणी भरपूर आहे. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले येथील तलाव मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी', बोलीत 'मामा' तलाव झाले. त्यांच्याशी गावाचे नाते 'निस्तार' या शब्दाने सांगितले जाते : धानाला पाणी, गुरांना पाणी, मासळी, धुणे. या शब्दात पाहण्याला जागा नाही, आणि तलावाची पाळ हाही एक तटच असला तरी त्यावर सुटी घालवायला कोणी येत नाही. ज्या दिवाळीत शिक्षक मित्र मालवणला असतात त्याच सुमारास ढिवर समाजातील स्त्री-पुरुष तलावात उतरून शिंगाडे काढीत असतात. कमरेपर्यंतच्या गार पाण्यात वेल उलटवून फळ खुडण्याचे हे काम दिवसभर चालते. मधेच कोणी हात थांबवून पाण्यावर पसरलेल्या हिरव्या चकत्यांकडे बघत राहिले तर ते का, हे विचारायला पाळीवर कोणी नसते.