स्वभाव आणि जबाबदारी

"राग आमच्या रक्तातच आहे, आजोबा तसेच, वडीलही तसेच," असे म्हणून पुष्कळजण पत्नीवर वा मुलांवर काढलेल्या संतापाचा हिशेब पूर्वजांच्या नावे टाकतात. हे सर्वस्वी खोटे नाही. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा मिनेसोटा विद्यापीठाने १९७९ पासून अभ्यास केला. माणसामाणसांतील स्वभावभेदाचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे त्यातून दिसले.

अब्दुल कैस कबिल्याचे शिष्टमंडळ मदीनेस आले, तेव्हा सारे उंटांवरून उतरून प्रेषितांकडे (स.) धावले. अशज्ज (रजि.) मात्र कपडे बदलून शांतपणे आले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या सहनशीलतेची व धीरगंभीरपणाची प्रशंसा केली. हे गुण मी कमावले की उपजत आहेत, असे त्यांनी विचारले. अल्लाहनेच ते तुमच्या घडणीत घातले, असे उत्तर मिळाले. अशज्ज यांनी अल्लाहची स्तुती केली. श्रेय स्वतःकडे घेतले नाही.

मग ज्याला ही देणगी नाही त्याचे काय? उपदेश मागणाऱ्या एका माणसाला प्रेषितांनी (स.) पुनःपुन्हा एकच सांगितले, रागावू नकोस. स्वभाव आवरताच येत नसता, तर हे सांगण्याचे प्रयोजन काय? उपायही साधा आहे : उभे असाल तर बसा, तरीही राग शमला नाही तर आडवे व्हा. बापाच्या पावलांचा आवाज येताच ज्यांची मुले गप्प होतात, त्यांनी आज रात्रीच हे करून पाहावे.