पिशवीचं वजन

सावध माणूस हा शहाणा माणूस, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पाणी बरोबर घे, दोन भाकऱ्या जास्त बांध, सगळे पैसे एका खिशात ठेवू नकोस. यात वावगं काहीच नाही. पण दुसऱ्याला सावध राहायला सांगणं हे दर वेळी चांगलंच असतं का, असा प्रश्न मला सध्या पडला आहे.

कारण घरगुती आहे. माझा भाचा महिन्याभरात लांब पल्ल्याच्या ट्रकवर जाणार. मी कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बरीच वर्षं बिल्ट्या लिहितो, म्हणून बहीण म्हणाली, "दादा, त्याच्याबरोबर काय काय द्यायचं, ती यादी तूच कर."

यादी करणं सोपं होतं. कळंबोलीहून कोलकाता म्हणजे नाशिक, धुळे, नागपूर, रायपूर करत सुमारे दोन हजार किलोमीटर. जॅक, टॉमी, पान्हे, स्टेपनीतली हवा तपासलेली. जास्तीचे फ्यूज आणि बल्ब. चाकाखाली लावायला लाकडी ठोकळे. ताडपत्री, रस्सी, ताडपत्री शिवायला सुई-सुतळी. टॉर्च. वीस लिटरचा पाण्याचा कॅन. लहान गॅस, पातेलं, तांदूळ, मुगाची डाळ, तिखट-मीठ. स्वयंपाक केबिनमध्ये नाही, खाली उतरून करायचा. ओआरएसच्या पुड्या, तापाच्या गोळ्या, मलमपट्टी. चादर, मच्छरदाणी, बादली, मग. थोडे सुटे पैसे, वेगळे ठेवलेले.

मग प्रत्येक वस्तूपुढे मी लिहून पाहिलं: ही कशामुळे लागते?

टायर पंक्चर होतो, पाऊस येतो, ऊन लागतं. तिथे कुणाला बोल लावायचा? जॅक, ताडपत्री आणि ओआरएस ही निखळ सावधगिरी. पण पाण्याचा कॅन, बादली आणि मग? ते लागतात, कारण अनेक गोदामांच्या फाटकाबाहेर ट्रक दीड-दोन दिवस उभा असतो आणि आतला नळ नि संडास ड्रायव्हरसाठी नसतो. शिधा लागतो, कारण माल उतरेपर्यंत गाडी सोडून जेवायला जाता येत नाही; ताडपत्री कापली गेली किंवा डिझेल चोरलं गेलं, तर पहिला जाब त्यालाच विचारतात. वेगळे ठेवलेले सुटे पैसे कशाला लागतात, हे महामार्गावर गाडी चालवणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

म्हणजे अर्धी पिशवी निसर्गासाठी आणि अर्धी माणसांसाठी. दुसऱ्या अर्ध्यातली प्रत्येक वस्तू हे कुणीतरी न केलेलं काम आहे, जे आता ड्रायव्हर पाठीवर वाहतो. आणि आपण त्याला 'किती तयारीचा गडी' म्हणतो.

हे बदलू शकतं, हेही मी पाहिलं आहे. मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला जीएसटीबरोबर संपली आणि नाक्यावरच्या रांगेतला मुक्काम हिशोबातून गेला. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलसाठीच्या नोटांची गड्डी पिशवीतून गेली. ड्रायव्हर तोच होता, त्याची सावधगिरी कमी झाली नव्हती. व्यवस्थेनं आपला वाटा उचलला, एवढंच.

उलट बाजूही खरी आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, ढाबे बंद झाले, तेव्हा ज्यांच्याकडे गॅस आणि तांदूळ होते ते जेवले. जग सुधारेपर्यंत पिशवी रिकामी ठेवा, असं सांगणारा माणूस स्वतः घरी बसलेला असतो.

मला वारीची तुलना सुचते. वारकरी आळंदीहून पंढरपूरला खांद्यावर जेमतेम ओझं घेऊन चालतो. आपण त्याला वैराग्य म्हणतो. ते असेलही. पण त्याच्या वाटेवरच्या गावांत चुली पेटलेल्या असतात, पाणी भरलेलं असतं आणि दिंडीचा तंबू, वळकट्या, शिधा मागून येतो तो ट्रकमधूनच. त्याला हलकं चालता येतं, कारण रस्ता त्याला पाहुणा मानतो. ट्रकवाल्याला रस्ता फक्त वाहतूक मानतो. पिशवीच्या वजनावरून माणसाचा स्वभाव कळतो असं आपण समजतो. मला त्यावरून रस्त्याचा स्वभाव जास्त कळतो.

आणि एक गोष्ट कुठल्याच पिशवीत मावत नाही: झोप. ती घरून बांधून नेता येत नाही. तंबाखू, कडक चहा, चढ्या आवाजातली गाणी, काहींच्या खिशातल्या गोळ्या, हे सगळे झोपेचे खोटे पर्याय आहेत. 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर आणि आडवं होण्याजोगी सीट हवी, असा नियमही एके काळी होता. दोन ड्रायव्हरांची अट पुढे निघाली. 2025 पासून नव्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ती चांगलीच गोष्ट. पण थंड केबिनमधला जागा माणूसही जागाच असतो. कोलकात्याला माल कधी पोचवायचा तो दिवस आमच्यासारख्या कचेऱ्या ठरवतात, आणि त्यात झोप धरली नसेल तर ड्रायव्हर कितीही सावध असो, उपयोग नाही. शिवाय त्या झोपेची किंमत समोरून येणारा दुचाकीवालाही मोजतो, ज्यानं बिल्टी कधी पाहिलेलीही नसते. स्वावलंबनाची हद्द इथे संपते.

म्हणून माझं उत्तर असं: यादी पूर्ण द्यायची, एकही वस्तू गाळायची नाही, पण तिला शहाणपणाचा दाखला म्हणायचं नाही. ती उधारीची वही आहे. कोणती वस्तू कुणाच्या नावावर, हे ड्रायव्हरला ठाऊक असलं पाहिजे, म्हणजे फाटकाबाहेर दुसरी रात्र काढताना तो आपल्याच नशिबाला दोष देणार नाही. आणि बिल्टी लिहिणाऱ्यानं पोचण्याच्या तारखेत दोन रात्री धरल्या पाहिजेत. हे काम माझ्या टेबलावरचं आहे, भाच्याच्या पिशवीतलं नाही.

बहिणीनं यादीत स्वतःहून तीन गोष्टी लिहिल्या: लिंबाचं लोणचं, आजीच्या लुगड्याची गोधडी, आणि गाण्यांचा पेनड्राइव्ह. त्यांच्यापुढे कुणाचंच नाव लिहिता आलं नाही. उद्या सगळे रस्ते शहाणे झाले, फाटकं उघडली, नळ सुरू झाले, तरी या तीन वस्तू पिशवीत राहतील. त्याला खरं तर एवढंच ओझं असायला हवं होतं.